लीनाच्या सतरा घरांची फेरतपासणी

वर्धा, १२ जून २००४

प्रिय लीना,

'प्रिय' लिहावं की नुसतं 'लीना', यातच सकाळ गेली. शेवटी लिहिलं. तुला खटकलं तर खोडून पुढे वाच, पण वाच.

तू तळेगावला अण्णाजींकडे, माहेरी निघून गेलीस त्याला या एप्रिलात सात वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तुला लिहिलेली पत्रं सगळी आपल्या वेदश्रीबद्दल होती. तिचा शाळेचा दाखला, तिच्या चष्म्याचा नंबर, दिवाळीला तिला घ्यायला कोणी यायचं. नवराबायकोत एक मुलगी असली की पत्राला विषय पुरतो आणि बाकीचं लिहायचं टळतं. हे पत्र तिच्याबद्दल नाही.

संस्थेला पुन्हा सर्वेक्षण मिळालं आहे. तीच देवळी तालुक्यातली गावं, तोच विषय: किती मुलं जन्मली, किती दगावली. मी अजून पर्यवेक्षकच आहे. जुन्या फेरीशी तुलना करायची म्हणून कपाटातलं १९९६ चं बाड काढलं. तुझे फॉर्म त्यात नाहीत. नाकारलेले फॉर्म पाच वर्षांनी रद्दीत जातात. पण माझा फेरतपासणीचा तक्ता निघाला. नाचणगाव, एकेचाळीस घरं. एका रकान्यात तू लिहिलेला आकडा, शेजारच्या रकान्यात मी पंधरा दिवसांनी जाऊन तोच प्रश्न विचारून लिहिलेला आकडा. सतरा घरांपुढे लाल पेन्सिलीनं 'विसंगत' असा शेरा. अक्षर माझं. सतराच्या सतरा घरांत तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा.

तुला हे पाठ आहे. तरी लिहितो, कारण माझ्या हातानं ते तुला कधी लिहिलं गेलं नाही.

घरोघर जाऊन माहिती लिहिणाऱ्या तुम्ही सहा जणी अन्वेषक होतात. इतर पाच जणींची फेरतपासणी सत्त्याण्णव टक्के जुळली. तुझीच जुळेना. सदाशिवराव सर तेव्हा संचालक. त्यांनी तुला बोलावून विचारलं, "प्रश्न छापला आहे तसाच विचारला का?" तू सरळ म्हणालीस, "नाही सर." मग त्यांनी मला विचारलं, "मधुकर, पर्यवेक्षक म्हणून तुमचं मत लिहून द्या." मी लिहून दिलं. 'फॉर्म विश्वासार्ह नाहीत. माहिती अन्वेषकाने मनाने भरली असण्याची शक्यता आहे.' खाली सही केली. घरी आल्यावर तुला सांगितलं की सरांनी निर्णय घेतला.

तुझं काम गेलं. नागपूरच्या ज्या दोन संस्थांकडे तू नंतर अर्ज केलेस त्यांनी आमच्याकडे चौकशी केली होती, हे तुला ठाऊक नसेल. उत्तर मीच पाठवलं. शेऱ्याची नक्कल जोडून.

तक्ता टेबलावर आहे. परवा नाचणगावला जायचं आहे. मी तेव्हा नियमाप्रमाणेच वागलो, असं मला अजून वाटतं. तुलाही एवढंच कळावं म्हणून लिहिलं. त्या वर्षांत आपल्या घरात आणखी जे झालं ते या पत्रात नको.

तब्येतीला जप.

मधुकर


वर्धा, ४ जुलै २००४

प्रिय लीना,

उत्तराची वाट पाहिली असं म्हणणार नाही. ती पाहायचा हक्क मला नाही. पण नाचणगावला जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सतरापैकी दोन कुटुंबं गाव सोडून गेली आहेत. उरलेली पंधरा घरं मी तीन दिवसांत केली. अंगणात उभा राहिलो, ९६ पर्यंतचंच सांगा म्हणालो आणि छापलेला प्रश्न वाचला: "आजवर किती मुलं झाली? त्यातली हयात किती?" उत्तरं तीच आली, आठ वर्षांपूर्वी मला मिळाली होती तीच. पंधराच्या पंधरा जुळली. लीना, मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? पुलगावच्या स्टँडवर मी समाधानानं चहा प्यायलो.

चौथ्या दिवशी धुरपताबाई भेटली. गावातली जुनी सुईण, तुला तर चांगलीच माहीत. आता डोळ्यांनी अधू झाली आहे. तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"तुमी लीनाबाईचे मालक ना? मंग तुमाले माईत असन. काऊन उगाच दारोदार इचारत हिंडून राह्यले?"

मी विचारलं, काय माहीत असेल?

"अवं सर, तुमी इचारता, किती मुलं झाली. बाई मूल कोणाले म्हनते? ज्याचं बारसं झालं त्याले. जे पाचवी पुजाच्या आधीच गेलं त्याले तं नाव बी नाई. ते कशी सांगन? तुमी दहा खेपा इचारा, दहा बी खेपा ते तेच सांगन."

"मग कसं विचारायचं?"

"लीनाबाई इचारत नोती. चुलीपाशी बसे. पह्यले आपलं सांगे, मंग बाया आपापलं सांगत."

पहिले आपलं सांगे. मी तिला विचारलं नाही, काय सांगत होती म्हणून. मला कळलं होतं.

लीना, मागच्या पत्रात मी जे टाळलं ते आता लिहितो. फेब्रुवारी १९९४. आपला मुलगा. चार दिवस होता. अंगावर दूध ओढेना, चौथ्या दिवशी दुपारी गेला. मी आणि शेजारचे हिरालालभाऊ त्याला घेऊन गेलो. परत आल्यावर मी तुला म्हणालो, "आता हा विषय नको." माझी आई म्हणाली, बारसं झालं नव्हतं, धरायचं नसतं. मी ते धरून बसलो. मला सोपं गेलं.

मग ९६ च्या प्रशिक्षणाचा तो दिवस. सर्वांनी आधी स्वतःच्या घराचा फॉर्म भरायचा होता. तू एका खोलीत भरलास, मी दुसऱ्या. सदाशिवराव सरांनी गठ्ठा चाळला आणि नाव न घेता वाचून दाखवलं, "हे बघा, एकाच घरातली दोन उत्तरं. एकात मुलं दोन, हयात एक. दुसऱ्यात मुलं एक, हयात एक. म्हणजे माहिती अशी बिघडते." सगळे हसले. तू उभी राहिलीस. "सर, घर माझं आहे. दोन." हसणं थांबलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, जगलेली एक. मी प्रश्न तसा समजलो." तू खाली बसलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी लागेल तेवढंच बोललीस, आणि मला वाटत राहिलं की तू उगाच ताणते आहेस.

धुरपताबाईच्या ओसरीवर दुपारी सहासात बाया तूर पाखडायला जमल्या. तिनं मला पोत्यावर बसवलं आणि म्हणाली, "बोला." फॉर्म हातात होता, तो मी उलटा करून मांडीवर ठेवला. मग सांगितलं. दोन झाले, म्हणालो, एक आहे. एक चार दिवसांचा गेला. तो गेला तेव्हा मी रडलो नाही, बायकोलाही रडू दिलं नाही, तेही सांगितलं. सुपं थांबली होती. कोपऱ्यातली एक म्हातारी, सुमित्राबाई, म्हणाली, "माया दोन दिसाचा होता. नाक अगदी त्याच्या बापासारखं." तिच्या सुनेनं तिच्याकडे वळून पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

मग त्या बोलत राहिल्या. माझ्या बसची वेळ होऊन गेली.

पुढच्या आठवड्यात मी ती पंधरा घरं पुन्हा केली. या वेळी धुरपताबाईला सोबत नेलं आणि चुलीपाशी बसलो. चौदा घरांत तुझाच आकडा आला. पंधराव्या घरात तुझ्यापेक्षाही एक जास्त निघालं. ते तिनं तुलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तुझा एकही फॉर्म खोटा नव्हता.

मधुकर


वर्धा, २२ ऑगस्ट २००४

प्रिय लीना,

मागच्या पत्रात मी अशा थाटात लिहिलं की मला जे कळलं ते या जुलैतच कळलं. ते खरं नाही. दीड महिना झाला, ते वाक्य मला टोचतं आहे.

सतरा घरांतलं अकरावं घर रुख्माबाईचं. ९६ च्या डिसेंबरात मी तिच्या अंगणात उभा होतो. सासरा बाजेवर बसलेला. मी विचारलं, ती म्हणाली, "तीन झाले, तीन हायेत." तुझ्या फॉर्मवर पाच झाले, तीन हयात. मी 'विसंगत' लिहिलं आणि निघालो. बोअरिंगपाशी मागून ती घागर घेऊन आली. कोणी नव्हतं आसपास. हळूच म्हणाली, "सर, बाईनं लिहिलं ते खरं हाये. दोन गेले माये. पण सासऱ्यासमोर कशी सांगू? तुमी तं अंगणातच इचारलं."

मी पेन खिशात ठेवलं होतं. "बरं बरं," म्हणालो, आणि बस धरायला गेलो.

बसमध्ये मी स्वतःला समजावलं की नियम आहे, छापील प्रश्नाला दिलेलंच उत्तर धरायचं, बोअरिंगपाशी बोललेलं धरायचं नाही. शिवाय बायकोचा कैवार घेतला असं सगळे म्हणतील. हे दोन्ही खरं होतं आणि तरी यातलं एकही माझं कारण नव्हतं. तुझे आकडे खरे धरले असते तर त्या प्रशिक्षणातलं माझं उत्तर खोटं ठरलं असतं. त्या सगळ्यांसमोर मला 'दोन' म्हणावं लागलं असतं. ते मला नको होतं. त्यासाठी मी तुला खोटी ठरवलं. सतरा बायांनाही.

तुझ्या जागी जाऊन मी गावाचे सगळे फॉर्म नव्यानं भरले. अंगणात उभं राहून. माझे फॉर्म सत्त्याण्णव टक्क्यांत बसले.

आता रुख्माबाईचं पुढचं ऐक. हे मला मागच्या सोमवारी कळलं.

आपल्या अहवालावरून १९९८ मध्ये तीस गावं निवडली गेली, जिथं नवजात मुलं जास्त दगावतात अशी. त्या गावांतल्या एकेका बाईला शिकवलं: बाळ जन्मल्याबरोबर पुसायचं कसं, उबदार गुंडाळायचं कसं, वजन कसं घ्यायचं, श्वास अडला तर काय करायचं, दवाखान्यात कधी न्यायचं. नाचणगाव यादीत आलं नाही. माझ्या आकड्यांप्रमाणे नाचणगावची बाळं जगत होती.

जानेवारी २००१ मध्ये रुख्माबाईची सून दिपाली घरीच बाळंत झाली. दिवस भरण्याआधीच झालं होतं, मूल बारीक होतं. धुरपताबाईला तोवर दिसेनासं झालं होतं. थंडी कडक होती. घरातल्या बायांनीच बाळाला पाण्यानं आंघोळ घातली, पहिल्यापासून घालत आल्या तशी. दुसऱ्या सकाळी ते गार पडलं.

रुख्माबाईनं हे मला रागानं सांगितलं नाही. मी विचारलं, तिनं सांगितलं. मधेच चहा ठेवायला उठली. दिपाली दारात उभी होती. वीसबावीसची असेल. ती एकदाच बोलली, "पोरगी होती."

शिकवलेली एखादी बाई गावात असती तर ती पोरगी वाचली असती का? मला माहीत नाही, कोणालाच सांगता येणार नाही. पण दवाखान्यात न्या, एवढं म्हणणारं कोणीतरी त्या घरात आलं असतं. ते कोणी आलं नाही, कारण मी लिहिलं होतं की गरज नाही.

आठ वर्षांत अशी आणखी किती घरं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

तू हे वाचून काय करावंस ते मला कळत नाही. वेदश्रीला वाचायला दिलंस तरी चालेल. ती पंधरा वर्षांची आहे. बापाबद्दल तिला कळायला हवं.

मधुकर


वर्धा, ३१ ऑक्टोबर २००४

प्रिय लीना,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'पत्रं मिळाली. त्याला कुठे ठेवलं, ते लिहा. लीना.' सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शेवटी लिहितो. आधी बाकीचं.

सप्टेंबरात सदाशिवराव सरांकडे गेलो. आता चौऱ्याहत्तरीचे आहेत, ऐकू कमी येतं. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी तीन रकाने होते: तुझा, माझा तेव्हाचा, आणि आत्ताचा. भिंग घेऊन त्यांनी एकेक ओळ पाहिली. शकुंतलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आणलेला चहा निवून गेला.

"मधुकर," ते म्हणाले, "दोनदा विचारलं तर तेच उत्तर येतं का, एवढंच आपण पाहिलं. आपल्याला जे मोजायचं होतं त्याचंच ते उत्तर आहे का, हे पाहिलंच नाही."

"लीनानं पाहिलं होतं, सर."

"हो. आणि आपण तिला काढलं." मग म्हणाले, "मी तिला फक्त विचारलं, छापल्याप्रमाणे विचारलं का. मग कसं विचारलं, हे काही मी विचारलं नाही. एवढं साधं. ती सांगायला तयार होती."

मग मी त्यांना बोअरिंगचं सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं बोलतील, रागावतील. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुम्ही निघा आता."

संस्थेच्या नव्या संचालकांना शुद्धिपत्रक नको होतं. आठ वर्षांपूर्वीचा अहवाल, आता कोण वाचणार, म्हणाले. मी राजीनामा पुढे ठेवला तेव्हा नव्या अहवालात अर्धं पान द्यायला तयार झाले. राजीनामा मी मागे घेतला नाही. जानेवारीपासून मी मोकळा आहे. अर्ध्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. त्यातली दोन वाक्यं मीच लिहिली: '१९९६ च्या फेरीत अन्वेषक श्रीमती लीना ठोंबरे यांनी नाचणगाव येथे गोळा केलेली माहिती खरी होती. ती नाकारणारा पर्यवेक्षकाचा शेरा चुकीचा होता आणि तो चुकीचा असल्याचे पर्यवेक्षकाला त्याच वेळी माहीत होते.' दुसरं वाक्य काढा म्हणत होते. ठेवलं. नागपूरच्या त्या दोन संस्थांनाही पाठवलं आहे.

पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाच्या गावांत नाचणगाव आलं आहे.

ते पान मी धुरपताबाईच्या ओसरीवर वाचून दाखवलं. बाया आल्या होत्या, या वेळी तीनचार पुरुषही होते. वाचून झाल्यावर मी म्हणालो की माझं चुकलं. मग रुख्माबाई म्हणाली, "सर, हे तुमी तवाच लिहिलं असतं तं..."

दिपाली कपांचा ट्रे घेऊन आली होती. ती तशीच मागे फिरली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. चहा कोणीच मागितला नाही.

आता तुझा प्रश्न.

त्या दिवशी आम्ही दोघं सायकलींनी गेलो. त्याला मी छातीशी धरला होता, हिरालालभाऊंच्या सायकलीला कुदळ बांधली होती. गावाबाहेर नाल्याचा छोटा पूल, पुलापलीकडे डावीकडे मोकळं रान. बोरीचं एक झाड. त्या झाडाच्या आसपास कुठेतरी. खड्डा हिरालालभाऊंनी केला. मी पाठ करून उभा होतो. वर दगड ठेवले ते त्यांनी. मी गावं पायी मोजून नकाशे काढणारा माणूस, पण त्या दिवशी पुलापासून झाडापर्यंत किती पावलं, हे मी पाहिलं नाही. नंतर एकदाही तिथे गेलो नाही. तू दोनदा विचारलंस, "कुठे?" मी म्हणालो, "आता विचारू नको." तुला वाटलं असेल की मी सांगत नाही. मला सांगता येत नव्हतं.

मागच्या रविवारी हिरालालभाऊंना घेऊन गेलो. तिथे आता लेआऊट पडलं आहे. रस्ते, विजेचे खांब, पंचवीसतीस घरं. बोरीचं झाड नाही. हिरालालभाऊंचे गुडघे दुखतात, तरी ते या गल्लीतून त्या गल्लीत फिरत राहिले. शेवटी दुसऱ्या गल्लीत, डावीकडचं तिसरं घर, हिरवं फाटक, तिथे थांबले. म्हणाले, "इथंच कुठंतरी, मधुकरभाऊ. या घराच्या मागं. शपथेवर नाही सांगू शकत."

मीही नाही सांगू शकत. एवढंच माझ्याकडे आहे.

मधुकर


तळेगाव (श्यामजी पंत), ५ डिसेंबर २००४

तुमची चारही पत्रं मिळाली. दोन दोनदा वाचली. अर्धं पान वाचलं. बरोबर लिहिलं आहे. मला ते आठ वर्षांपूर्वी हवं होतं. आता ते घेऊन मी कुठे जाऊ? इथल्या शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. पोरं मला फक्त 'बाई' म्हणतात, त्यांना यातलं काही ठाऊक नाही आणि मला ते बरं वाटतं.

मी परत येणार नाही. तुम्ही तसं विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवते, म्हणजे आपण दोघंही वाट पाहायला नको.

रुख्माबाईकडे आता तुम्ही जाऊ नका. ते तुमच्या समाधानासाठी होईल. तिला आणि दिपालीला मी भेटून आले. दिपाली माझ्याजवळ बसली, पोरीबद्दल बोलली. काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते कोणत्याच फॉर्मवर जायला नको. प्रशिक्षणाला तिचं नाव घाला, ती शिकायला तयार आहे. एवढं काम संस्था सोडण्याआधी करा.

तुम्ही मला विचारलं नाही, पण मी सांगते. त्या सतरा घरांत मी आधी स्वतःचं सांगत होते ते माहिती काढायची युक्ती म्हणून नव्हे. घरी मला ते कुठे सांगता येत नव्हतं. त्या बाया ऐकून घेत. पहिल्या घरी मीच रडले, फॉर्म नंतर भरला.

गुरुवारी शाळेला सुटी होती. आर्वीमार्गे सकाळच्या बसनं वर्ध्याला आले. तुम्हाला कळवलं नाही, घराकडे यायचं नव्हतं. वेदश्रीला सोबत आणलं. तिला आजवर सांगितलं नव्हतं. तुमच्यासारखीच मीही गप्प राहिले होते, तेही लिहायला हवं. बसमध्ये सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आर्वी मागे पडल्यावर म्हणाली, "किती दिवस होता?" मी म्हणाले, "चार." मग तिनं विचारलं, तो कोणासारखा दिसत होता. हे मला दहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी वर्धा येईपर्यंत तेच सांगत होते.

ऑटो पुलाशी सोडला आणि चालत गेलो. दुसरी गल्ली, तिसरं घर सापडलं. हिरवं फाटक लावलेलं होतं. पुढच्या अंगणात दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. काय करायचं ते आम्ही ठरवलेलंच नव्हतं. घरातून एक बाई बाहेर आली, माझ्याच वयाची. म्हणाली, "कोनाचं घर पाह्यजे, बाई?"

वेदश्री म्हणाली, "मावशी, माझा भाऊ आहे इथं. तुमच्या घराच्या मागं."

बाईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं दोरीवरचे कपडे हातानं एका बाजूला सारले आणि फाटक उघडून धरलं.

मागच्या अंगणात तिनं वांगी आणि मिरच्या लावल्या आहेत. आम्ही कडेला उभ्या राहिलो. बाई आत गेली, तिच्या दोन पोरांना हाक मारून तिनं गप्प बसायला सांगितलं. वेदश्रीनं माझा हात धरला होता. किती वेळ उभ्या होतो, ते मी पाहिलं नाही.

लीना